सव्वा स्टॉपचा हिशेब : फुल-फ्रेम कॅमेरा निवडताना आणि वापरताना

फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या एका फ्रेमएवढा. क्रॉप सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सीचा आकार साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. कॅननचा त्याहून थोडा लहान. क्षेत्रफळ काढून बघा, फुल-फ्रेम २.३ पटींहून थोडा जास्त भरतो. तेवढ्याच पटीत तो जास्त प्रकाश गोळा करतो आणि स्टॉपमध्ये मोजलं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) तर हा फरक सव्वा स्टॉपचा येतो. एकाच पिढीतले दोन कॅमेरे शेजारी ठेवले, तर क्रॉपवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ला जेवढा नॉइज (दाणेदारपणा) दिसतो, तेवढा फुल-फ्रेमवर ४००० च्या आसपास दिसेल.

जास्तीचे सगळे पैसे या सव्वा स्टॉपसाठी मोजायचे असतात. हा फायदा खरा आहे, पण तो हातातून निसटायला वेळ लागत नाही. चुकीची लेन्स घेतली की गेला, रॉ (सेन्सरने टिपलेली सगळी माहिती राखणारी फाइल) ऐवजी नुसत्या जेपेगमध्ये शूट केलं की निम्मा गेला, हात हलला की उरलेलाही गेला. म्हणून खरेदीपासून पावसाळ्यातल्या साठवणीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर हा एकच हिशेब डोक्यात ठेवावा.

आधी ठरवा : खरंच लागतो का?

नाशिकच्या गोदाघाटावरची संध्याकाळची आरती, फाळके स्मारकाच्या वरच्या अंगाला असलेल्या पांडवलेण्यांचा आतला अंधार, मंगल कार्यालयातली लग्नं, साल्हेरच्या बाजूला रात्रीचं आकाश. तुमचं काम यांपैकी असेल तर फुल-फ्रेम घ्या, पैसे वसूल होतील.

नांदूरमध्यमेश्वरला पक्षी टिपणं हेच मुख्य वेड असेल, तर मात्र हात आखडता घ्या. तिथे सकाळी उजेड भरपूर असतो, कमतरता असते ती पोहोचीची. ४०० मिमीची लेन्स क्रॉप बॉडीवर ६०० मिमीएवढी चौकट देते. २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेममधून तेवढाच भाग कापून घेतला, तर हातात साडेदहा मेगापिक्सेल उरतात. तेच पैसे चांगल्या क्रॉप बॉडीत आणि लांब लेन्समध्ये घातले तर फ्लेमिंगोच्या पिसाचा तपशील जास्त मिळेल. ४५ मेगापिक्सेलची फुल-फ्रेम बॉडी ही उणीव भरून काढते, पण तिची किंमत वेगळ्याच वर्गातली आहे.

लेन्स आधी, बॉडी नंतर

सगळ्यात मोठी चूक इथे होते. बजेट ताणून फुल-फ्रेम बॉडी घेतली जाते आणि सोबत बॉक्समध्ये येणारी २४-५० मिमीची किट लेन्स स्वीकारली जाते. या छोट्या झूमचं अ‍ॅपर्चर ५० मिमीला एफ ६.३ पर्यंत आकसतं (एफचा आकडा मोठा, तेवढं प्रकाशाचं छिद्र लहान). समोरच्याकडे क्रॉप बॉडी आणि त्यावर एफ २.८ चा झूम आहे असं धरा. एफ २.८ आणि एफ ६.३ मध्ये सव्वादोन स्टॉपहून जास्त अंतर आहे. सेन्सरने दिलेला सव्वा स्टॉप त्यातून वजा केला, तरी क्रॉपवालाच एका स्टॉपने पुढे राहतो, तोही कमी पैशांत आणि कमी वजनात. किट लेन्स वाईट नसते, दिवसाउजेडी ती छान चालते. पण तिच्यासाठी फुल-फ्रेम घेण्यात अर्थ नाही.

म्हणून एकूण बजेटचा निम्मा भाग लेन्ससाठी बाजूला काढा आणि उरलेल्यात बसेल ती बॉडी बघा. सुरुवात ५० मिमी एफ १.८ किंवा ३५ मिमी एफ १.८ ने करावी. निकॉनची ४० मिमी एफ २ ही छोटी लेन्सही या कामाला उत्तम आहे. दुसरी लेन्स कामानुसार घ्या. लग्नाला २८-७५ मिमी एफ २.८, प्रवासाला आणि गर्दीत २४-१०५ मिमी एफ ४.

माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवायची जोडणी, एकदा निवडला की वर्षानुवर्षं बदलता येत नाही, म्हणून इथे घाई नको. सोनीच्या ई-माउंटला सिग्मा, टॅमरॉनसारख्यांच्या लेन्स सगळ्यात जास्त आहेत, त्यामुळे मधल्या किमतीत निवड मोठी. निकॉनच्या झेड-माउंटवर स्वतःच्या एफ १.८ लेन्स फार धारदार आहेत. कॅननच्या आरएफ-माउंटला फुल-फ्रेमसाठी बाहेरच्या ऑटोफोकस लेन्स मोजक्याच, पण जुन्या ईएफ लेन्स अ‍ॅडॅप्टरवर अगदी व्यवस्थित चालतात आणि सेकंडहँड बाजारात त्या ढिगाने मिळतात. पॅनासॉनिक वापरतं तो एल-माउंट व्हिडिओवाल्यांनी जरूर बघावा. आणखी एक साधी गोष्ट : तुमच्या ओळखीतले फोटोग्राफर कुठला माउंट वापरतात आणि लेन्स भाड्याने देणाऱ्याकडे काय पडून असतं, ते विचारा. ऐन लग्नाच्या आदल्या दिवशी ७०-२०० मिळणं हे ब्रँडच्या जाहिरातीपेक्षा महत्त्वाचं असतं.

घरात जुन्या लेन्स असतील तर दोन सापळे लक्षात ठेवा. निकॉनच्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. निकॉनच्या मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, बॉडीसाठीच्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर त्या बसतात, पण ऑटोफोकस करत नाहीत, फोकस हाताने करावा लागतो. दुसरा सापळा क्रॉपसाठीच्या लेन्सचा. त्या फुल-फ्रेम बॉडीवर लावल्या की चित्राचे कोपरे काळे येतात किंवा कॅमेरा आपणहून क्रॉप मोडमध्ये जातो. मग ज्या सेन्सरसाठी पैसे मोजले, त्याचा अर्ध्याहून जास्त भाग रिकामा बसतो.

बॉडीत काय बघायचं

मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. लग्नाच्या अल्बमची १२ बाय ३६ ची शीट घ्या. तिच्या एका पानावर, म्हणजे १२ बाय १८ इंचांवर, ३०० डीपीआयने एकच फोटो पसरायचा तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. झाले १९.४ मेगापिक्सेल. २४ चा सेन्सर त्याला पुरून उरतो.

त्याऐवजी तीन गोष्टी तपासा. पहिली, बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा. अंधारात स्थिर वस्तू टिपताना ते एरवीच्या १/५० ऐवजी १/१० सेकंदाला हातात कॅमेरा धरू देतं, म्हणजे दोन स्टॉपहून जास्त कमाई. दुसरी, दोन कार्ड स्लॉट. पैसे घेऊन काम करणाऱ्याने एका स्लॉटवर भरवसा ठेवू नये, सप्तपदी पुन्हा घ्यायला सांगता येत नाही. तिसरी, बॅटरी. मोठी बॅटरी असलेली बॉडी घेतली तर दिवसभराला दोन बॅटऱ्यांत भागतं, लहान बॅटरीच्या बॉडीला तीन-चार लागतात.

याच कसोटीवर कॅननची आर ८ पाहा. सेन्सर उत्तम, वजन कमी, पण बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, स्लॉट एकच आणि बॅटरी लहान. प्रवासाला सुंदर, लग्नाला जोखमीची. निकॉनची झेड ५ मार्क २ किंवा सोनीची ए ७ मार्क ४ या तिन्ही बाबतीत पुढे आहेत. जुन्या डीएसएलआरही (आत आरसा असलेले कॅमेरे) मोडीत काढू नका. २०१४ ची निकॉन डी ७५० आज सेकंडहँड स्वस्तात मिळते आणि तिचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर अजूनही दमदार आहे. सव्वा स्टॉप तिथेही तेवढाच मिळतो.

नवीन घेणार असाल तर दुकानात जाऊन हातात धरून बघा. करंगळी ग्रिपखाली लोंबकळते का, जड लेन्स लावल्यावर मनगट दुखतं का, हे पडद्यावर कळत नाही. पक्कं जीएसटी बिल घ्या, बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी भारतातल्या कंपनीचीच आहे याची खात्री करा. ग्रे मार्केटचा, म्हणजे अधिकृत वाटेने न आलेला माल काही हजारांनी स्वस्त पडतो, पण पहिल्या बिघाडाला अधिकृत सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारतं.

सेकंडहँड घेताना अर्धा तास

सोबत रिकामं कार्ड, रबरी ब्लोअर आणि चांगला टॉर्च घेऊन जा. भेट दिवसाउजेडी ठरवा.

१. बॉडीवरचा सिरियल नंबर बिलाशी जुळवा. बिल नाही, बॉक्स नाही आणि विक्रेता घाईत असेल, तर तिथूनच परत फिरा.

२. शटर काउंट, म्हणजे आजवर झालेल्या क्लिकचा आकडा, बघा. या वर्गातल्या बॉडींचं शटर बहुधा दीड ते दोन लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात, त्यामुळे दोन-तीन हंगाम वापरलेल्या कॅमेऱ्याचा काउंट लाखाच्या वर दिसला तर नवल नाही. तो नाकारण्याचं कारण नव्हे, भाव पाडण्याचं कारण आहे.

३. अ‍ॅपर्चर एफ १६ वर आणा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि मोकळ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघा. धूसर ठिपके म्हणजे धूळ. ब्लोअर मारून पुन्हा काढा, गेले तर चिंता नाही. हललेच नाहीत तर वाळलेला थेंब, तेल किंवा ओरखडा समजा.

४. लेन्सला झाकण लावून आयएसओ १६०० ला ३० सेकंदांचं एक्स्पोजर घ्या. तुरळक रंगीत ठिपके चालतात. पूर्ण रेघ दिसली तर कॅमेरा घेऊ नका.

५. लेझरची इजा शोधा. याकडे फार कमी लोक बघतात. मिरवणुकीत आणि लग्नाच्या संगीतात डीजेसोबत लेझर लावलेले असतात. त्याचा झोत थेट लेन्समध्ये शिरला, तर एका क्षणात सेन्सर जळतो. खूण ठरलेली असते : जागा न बदलणारा एक पांढरा किंवा रंगीत डाग आणि बरेचदा त्यातून निघणारी उभी किंवा आडवी सरळ रेघ. आधीच्या दोन फोटोंत आणि दहा सेकंदांच्या व्हिडिओत ती तपासा. यावर उपाय म्हणजे सेन्सर बदलणं, आणि तो खर्च बॉडीच्या किमतीच्या जवळ जातो. तुम्ही स्वतः मिरवणुकीत शूट करतानाही लेझर तुमच्याकडे वळला की लेन्स खाली करा. मिररलेसमध्ये सेन्सर कायम उघडा असतो, म्हणून धोका जास्त.

६. लेन्सच्या मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून आत बघा. कोळिष्टकासारखे फाटे फुटलेले धागे म्हणजे फंगस. दोन-चार धुळीचे कण मात्र प्रत्येक लेन्समध्ये असतात.

७. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून बघा, सगळे पोर्ट, फ्लॅशचा हॉट शू, माउंटचा ढिलेपणा तपासा आणि दहा मिनिटं सलग व्हिडिओ चालवा. बंद कॅमेरा हलवल्यावर आतून खुळखुळ ऐकू आली तर घाबरू नका. स्टॅबिलायझेशनवाल्या बऱ्याच बॉडींत बंद असताना सेन्सर मोकळा असतो. चालू केल्यावरही आवाज राहिला तर दोष आहे.

पहिल्या दिवशीची मांडणी

फोकसला हात लावण्याआधी व्ह्यूफाइंडरशेजारचं डायऑप्टरचं चाक फिरवून आतली अक्षरं स्वच्छ करून घ्या. चष्म्याच्या नंबरामुळे धूसर दिसतं आणि दोष लेन्सला दिला जातो. मग मेनूत जाऊन ‘कार्डाशिवाय शटर’ बंद करा, नाहीतर कधीतरी अख्खा कार्यक्रम कार्ड न घालता शूट होतो. वेळ-तारीख नीट लावा, दोन बॉडी असतील तर मिनिटापर्यंत जुळवा. फाइल रॉ, कंप्रेशन लॉसलेस, रंगासाठी एसआरजीबी. कार्ड दरवेळी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

ऑटो आयएसओ चालू ठेवा, पण कमाल मर्यादा १२८०० आणि किमान शटर स्पीड १/१२५ ठरवून द्या. माणसं हलतात, आणि हललेला चेहरा कुठलंच सॉफ्टवेअर दुरुस्त करत नाही. नॉइज मात्र बऱ्यापैकी काढता येतो. शंका आली की आयएसओ वाढवा, शटर कमी करू नका.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरने कार्यालयात शूट केलं की फोटोत आडवे पट्टे येतात. तिथे मेकॅनिकल शटर ठेवा, स्पीड १/१०० किंवा १/५० घ्या किंवा अँटी-फ्लिकर चालू करा. व्हिडिओसाठी मेनूत पाल (PAL) निवडून २५ फ्रेम आणि १/५० शटर. स्टेजमागचा एलईडी पडदा वेगळ्याच वेगाने लुकलुकतो, त्याच्यासाठी शटर थोडं थोडं बदलत पट्टे नाहीसे होईपर्यंत बघावं लागतं.

नाशिकमध्ये वापरताना

*घाटावरची आरती.* सुरुवातीला एफ २, १/२००, आयएसओ ३२००. अंधाराकडे बघून कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि आरतीची ज्योत नुसता पांढरा डाग होते. एक्स्पोजर उणे १ वर न्या, हायलाइटचा इशारा (जळालेला भाग पडद्यावर लुकलुकवणारा) चालू ठेवा आणि फक्त ज्योतीचा गाभा लुकलुकेल एवढंच राहू द्या. सावल्या रॉमधून दोन स्टॉप सहज वर येतात, जळालेली ज्योत परत येत नाही.

*पांडवलेणी.* १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात दारातून येणारा उजेड आणि आतला काळोख यांत प्रचंड अंतर आहे. संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून खांबाला पाठ टेकवा, श्वास सोडून शटर दाबा. एफ २.८, १/६०, आयएसओ ३२०० पासून सुरू करून बघा. स्तूप हलत नाही, त्यामुळे स्टॅबिलायझेशन असेल तर १/१० पर्यंत जाऊन आयएसओ ५०० च्या आसपास आणता येतो.

*हळद आणि लग्न.* फुल-फ्रेमवर फोकसची खोली पातळ असते. ८५ मिमी, एफ १.८, दोन मीटर अंतर : स्पष्ट पट्टा जेमतेम ६ सेंटिमीटरचा. नवरीचा डोळा धारदार येईल, कानातलं विरघळेल, आणि शेजारी अर्धा फूट मागे बसलेली करवली पूर्ण धूसर होईल. दोन चेहरे हवे असतील तर तीन मीटर अंतरावर या आणि एफ ४ करा, पट्टा ३० सेंटिमीटरचा होतो. एफ १.८ ची लेन्स घेतली म्हणून सगळे फोटो एफ १.८ ला काढायचे नसतात.

*डोंगर.* अंजनेरी किंवा ब्रह्मगिरीवर २४ मिमी, एफ ८ लावून २.४ मीटरवर फोकस केला, तर सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. ४५ मेगापिक्सेलवर एफ ११ करा. एफ १६ च्या पुढे प्रकाश पात्यांच्या कडेवरून पसरतो आणि चित्र उलट मऊ होतं.

*आकाशगंगा.* मार्च ते मे, अमावास्येच्या आसपास, मध्यरात्रीनंतर. २० मिमीला ५०० भागिले २० असा जुना नियम २५ सेकंद सांगतो, पण आजच्या सेन्सरवर एवढ्यात तारे लांबट होतात. १५ सेकंदांवर थांबा, एफ १.८ ते २.८, आयएसओ ३२०० ते ६४००.

*रहाड आणि कुंभ.* रंगपंचमीला रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदाच्या, काठावर उघडा कॅमेरा नेऊ नका. धप्पा (हौदातली उडी) पडला की रंगाचं पाणी दहा-पंधरा फूट उडतं, आणि ते वाळल्यावर बटणांखाली थर राहतो. शेजारच्या गच्चीवरून ७०-२०० ने काम करा. २०२७ च्या सिंहस्थाची अमृतस्नानं पावसाळ्यात आहेत. त्या गर्दीत लेन्स बदलायचा विचारच नको. एकच २४-१०५, त्यावर रेनकव्हर, कातडी पट्ट्याऐवजी मनगटाचा पट्टा आणि कोरडी सुती पंचाची घडी खिशात.

लेन्स बदलावीच लागली तर कॅमेरा बंद करा, तोंड जमिनीकडे करा, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि दुसरी लेन्स आधीच मोकळी करून ठेवा.

पावसाळा आणि फंगस

जून ते सप्टेंबर हे कॅमेऱ्याचे सगळ्यात वाईट महिने. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की लेन्सच्या काचेवर बुरशी वाढू लागते, आणि तिचा स्राव काचेचं कोटिंग कायमचं खातो. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात राहणाऱ्यांनी तर अजिबात हयगय करू नये.

महाग ड्राय कॅबिनेट नसलं तरी चालतं. भांड्यांच्या दुकानातला घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात केशरी सिलिका जेल पाव किलो, सुती पुरचुंडीत बांधून, आणि एक छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवा, रंग परत केशरी होतो. निळं जेल टाळा, त्यातलं कोबाल्ट विषारी असतं. डब्यात तांदूळ घालायची पद्धत सोडून द्या. तांदूळ ओलावा नीट शोषत नाही आणि त्याचं पीठ लेन्सच्या रिंगमध्ये जातं. कॅमेरा बॅगेतही ठेवू नका. फोम आणि कापड ओल धरून बसतात.

एसी गाडीतून कसारा घाटात उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की काच आतून-बाहेरून धुरकटते. बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास थांबा, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

सेन्सरवरची धूळ आधी ब्लोअरने, कॅमेरा उलटा धरून. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा थेंब धुळीपेक्षा चिवट असतो. एरोसोलचे कॅन तर नाहीच, त्यातलं द्रव सेन्सरवर उडतं. तरी डाग राहिला तर बॅटरी पूर्ण भरा, क्लीनिंग मोड लावा, २४ मिमी रुंदीच्या स्वॉबवर द्रावणाचे दोन थेंब टाका, एका दिशेने एकदा आणि उलट्या बाजूने परत एकदा, हलक्या हाताने. तोच स्वॉब तिसऱ्यांदा फिरवू नका, उचललेली धूळच ओरखडा पाडते.

एखाद्या लेन्समध्ये फंगस दिसलंच तर ती त्याच दिवशी बाकीच्यांपासून वेगळ्या डब्यात ठेवा आणि आठवड्याच्या आत उघडून साफ करून घ्या. पहिल्या महिन्यातला धागा बहुधा पुसून निघतो. पूर्ण पावसाळा तसाच ठेवला तर काच स्वच्छ केल्यावरही कोटिंगवर त्याची नक्षी राहते.